जाळीच्या अलीकडे

एप्रिलचा दुसरा आठवडा. पारा त्रेचाळीस.
इतवारीतल्या दुकानात जळलेल्या कूलर-मोटरींचा ढीग,
आणि मी सकाळी सहाला
महापालिकेच्या जलतरण तलावाच्या काठाने
चपला हातात घेऊन धावतोय,
पंचवीस मीटर तिकडे, पंचवीस मीटर इकडे,
पाण्यातल्या पोरीच्या बरोबरीनं.
"पाय मार, पोमी! पाय! पाय!"

मला स्वतःला पोहता येत नाही.
हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

हेडाऊ सर रागावले नाहीत.
शिट्टी गळ्यात तशीच लोंबत ठेवून म्हणाले,
"भाऊ, एक गोष्ट पाह्यली का तुमी?
जाताना पोट्टी उजवीकडे श्वास घेते,
येताना डावीकडे.
ज्या बाजूनं तुमी, त्या बाजूनं तिचं तोंड.
ते श्वास नाही घेऊन राहिली,
तुमाले पाहून राहिली."

मी हसलो. मग हसू कुठं ठेवावं ते कळेना.

दुसऱ्या दिवसापासून जाळीच्या अलीकडे.
इथं स्कूटर उभ्या असतात, एक कडुनिंब आहे,
आणि बाया स्कार्फ सोडतात-बांधतात.
जाळीवर हिरवं कापड लावलंय.
त्यातून पाणी दिसत नाही, फक्त ऐकू येतं.
बारा पोरांचं पाणी
सारखंच वाजतं, हे मला त्या दिवशी कळलं.
त्यातलं माझं कोणतं
हे कान लावलावून शोधलं आठवडाभर.
एकदा वाटलं, सापडलं.
तो साफसफाईवाला होता, बादली ओतत होता.

धंदा माझा वाइंडिंगचा.
कोणी म्हणेल, तार फार ताणली की तुटते.
तसं होत नाही.
तांब्याची तार सहसा तुटत नाही,
तिच्यावरचं वार्निश तेवढं खरवडून निघतं,
बोटाला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही.
मोटर फिरते. गिऱ्हाईक पैसे देऊन जातं.
आणि ऐन मे महिन्यात, भर दुपारी,
कोणाच्या तरी घरात
जळल्याचा वास येतो.
एकवीस वर्षं मी हा वास ओळखतो.
तरीही.

जिल्ह्याच्या स्पर्धेच्या दिवशी
मी दुकान उघडलं, हट्टानं.
दोनशे मीटर म्हणजे आठ फेऱ्या;
मी तार गुंडाळत बसलो,
एकशे दहा, एकशे अकरा,
आता उडी मारली असेल,
एकशे बारा, आता वळली असेल,
आणि मोजणी चुकली.
सगळी तार उलगडली, पुन्हा एकपासून.
शेजारच्या पराते काकांनी चहा धाडला.
तो सालीसकट गार झाला.

न्यायला गेलो तेव्हा
ती कडुनिंबाखाली मैत्रिणीशी बोलत होती,
केस ओले, खांद्यावर पिशवी,
दातांत संत्रागोळीचा कडकड आवाज.
मला बघून तिनं बोलणं तोडलं नाही.
मी थांबलो. स्कूटरच्या आरशावरची धूळ पुसली.
मग दुसरा आरसा पुसला.

विचारायचं नाही, असं ठरवून गेलो होतो.
लक्ष्मीभुवन चौकापर्यंत
ते ठरवणं दातांत धरून ठेवलं.
सिग्नलला ती मागून काहीतरी बोलली.
माझ्या कानावर हेल्मेट, तिच्या तोंडावर स्कार्फ,
बाजूला सिटीबसचं इंजिन.
एक आकडा होता बहुतेक.
किंवा पोह्यांचं काही, तर्री जास्त घ्या म्हणून.

"हव," म्हटलं मी.

तीही पुन्हा बोलली नाही.
दोन्ही हात तिचे मोकळे होते,
आरशात दिसत होते,
एक हात हवेत उघडाच,
वारा कापत, तळवा तिरपा,
बहुतेक पाण्यात धरते तसा.
कोणत्या बाजूला बघत होती
ते आरशात येत नव्हतं.

मागचा ऑटोवाला ओरडला,
"ओ काका, हिरवा झाला ना!"